मी कर्नल नाही

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी हैदराबादची खोली सोडून आदिलाबादला घरी आले. थोडे दिवस राहायचं म्हणून आले होते, ती अजून इथेच आहे. बाबांचं दुकान कापूस मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ताडपत्र्या, दोरखंड, फवारणीचे पंप, पावसाळी बूट. दुकानामागच्या खोलीतल्या ताडपत्र्यांचे गठ्ठे एका बाजूला सरकवून बाबांनी मला टेबल लावून दिलं. त्या टेबलावर बसून मी अंतराळात जाणारं सॉफ्टवेअर लिहिते. हे वाक्य मी पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणारा माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा ताडपत्र्यांकडे बघतो आणि चहा मागवतो.

काम तसं सांगायला अवघड नाही. बुटाच्या खोक्याएवढे छोटे उपग्रह असतात. त्यांच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्यामागे एकाच वेळी ढीगभर कामं असतात. बॅटरी बघायची, सूर्याकडे तोंड वळवायचं, मोजमापं घ्यायची, जमिनीवर निरोप पाठवायचा. कोणतं काम कधी करायचं, कोणाला थांबवून कोणाला पुढे सोडायचं, हे ठरवणारा एक प्रोग्रॅम सगळ्यांच्या तळाशी बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात. आमचा कर्नल ‘रिअल-टाइम’ आहे. म्हणजे तो फार जलद आहे असं नाही, तो वेळेचा पक्का आहे. ठरल्या क्षणी ठरलेलं काम झालंच पाहिजे, नाहीतर उपग्रह फिरत फिरत भलतीकडेच तोंड करून बसतो. आणि तो ‘ओपन सोर्स’ आहे, म्हणजे त्याची ओळ न् ओळ इंटरनेटवर उघडी ठेवली आहे. कोणीही वाचावी, वापरावी, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. वेगवेगळ्या देशांतली आम्ही काही माणसं मिळून तो तयार करतो. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही, पण एकमेकांच्या चुकांचं वळण हस्ताक्षरासारखं ओळखतो.

डिसेंबरात मामा ताडपत्री घ्यायला आला. त्याचं गाव नेरडीगोंड्याच्या पुढे, हायवे सोडून आत. घरी कापूस आणि ज्वारी. वेचलेला कापूस झाकायला त्याला मोठी ताडपत्री हवी होती आणि ती माझ्या खोलीत होती. तो चहाचा कप हातात घेऊनच आत आला, तर टेबलावर माझा बोर्ड उघडा पडलेला. उपग्रहात बसतो तसलाच एक हिरवा बोर्ड, त्यावर एक दिवा सारखा लुकलुकत असतो.

"हे काय करून राह्यली वं?" मामा म्हणाला.

"कर्नल बनवून राह्यली, मामा."

नेमका त्याच वेळी बाहेर रस्त्यावर कापसाच्या टेम्पोंनी रांगेनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बनवून आणि बनून यांच्यात फक्त एक ‘व’ आहे. तो मामाच्या कानापर्यंत पोचला नाही.

"कर्नल?"

"हो. उपग्रहाचा."

मामानं कप खाली ठेवला. दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून ज्या माणसानं फक्त माझ्या डोक्यावर टपली मारली, तो जाताना हात जोडून गेला. आणि ताडपत्री तशीच विसरून गेला. मला वाटलं, वय झालं.

जानेवारी लागला तसा तो पुन्हा आला. यावेळी त्याच्यासोबत त्यांच्या गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. किरकोळ अंगाचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हे गृहस्थ मराठीत शिकवत, तेलुगूत मंडल ऑफिसला, म्हणजे इथल्या तालुका कचेरीला, लिहीत आणि रागवत मात्र हिंदीत. त्यांच्या हातात नारळ होता.

"मॅडम," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या शाळेत आजवर कर्नल आलेले नाहीत. सव्वीस जानेवारीचा झेंडा तुमच्या हस्ते."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी हसू आलं आणि मामाचा चेहरा बघून ते गेलं. मी दोघांना बसवलं आणि मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. मी सैन्यात नाही, कधी नव्हते, एनसीसीतसुद्धा नव्हते. कर्नल हे एका प्रोग्रॅमचं नाव आहे.

हेडमास्तरांनी लक्ष देऊन ऐकलं. "स्पेलिंग सांगा," ते म्हणाले.

"के, ई, आर, एन, ई, एल."

"मिलिटरीतला सीपासून होतो."

"तेच तर सांगते आहे सर."

त्यांनी मामाकडे बघितलं. मामा शांत होता. "सार, स्पेलिंग मुद्दाम बदललं असंल," तो आवाज खाली आणून म्हणाला. "उपग्रहाचं काम हाय. गुप्त राह्यते."

"गुप्त नाही मामा! जगात याच्याइतकी उघडी गोष्ट नसंल. हे बघा." मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

मामानं डोळ्यांवर हात धरला. "नको दाखवू बाई. उद्या कोणी विचारलं त मले खोटं बोलता येत नाही."

हेडमास्तरांनी मात्र चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागले. कोडकडे त्यांनी फार बघितलं नाही. कर्नल कसा वापरायचा हे सांगणारी इंग्रजी पुस्तिका आहे, ती उघडली आणि तिच्यात बुडाले. चहा आला, गार झाला.

"हे कोणीही वाचू शकतो?"

"कोणीही."

"आणि चूक दिसली तर?"

"सुधारून पाठवायची. बरोबर असली तर आम्ही घेतो."

त्यांनी मोबाईलवर पत्ता टिपून घेतला आणि पुन्हा नारळ पुढे केला.

मी नाहीच म्हणणार होते. पण आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "जा ना वं. एवढं बलावून राह्यले."

"आई, मी कर्नल नाही."

"त तिथं जाऊन सांग नं तसं."

तेव्हा ते मला पटलं. पण मी अट घातली की बॅनरवर मला सैन्यातली कर्नल म्हणून दाखवायचं नाही. हेडमास्तर म्हणाले, "शब्द देतो. स्पेलिंग तुमचंच राहील."

सव्वीस तारखेला सकाळी मामा जीप घेऊन आला. हायवेवर धुकं होतं. गावात शिरताना दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे ज्वारी. शाळेच्या फाटकावर बॅनर होता. त्यावर माझा फोटो, चुलत बहिणीच्या लग्नातला, मागे कापलेला केक अर्धा दिसत होता. खाली ठळक अक्षरांत: कर्नल मॅडम यांचे हार्दिक स्वागत. त्याखाली इंग्रजीतही लिहिलं होतं. हेडमास्तरांनी शब्द पाळला होता, स्पेलिंग माझंच होतं.

मी जीपमधून उतरले. समोर एक खरा सैनिक उभा होता. गावातले निवृत्त हवालदार. काळा ब्लेझर, त्यावर पदकं, चकचकीत बूट. ते चालत आले, टाच वाजवली आणि मला कडक सलाम ठोकला. सगळं गाव बघत होतं. त्या थंडीत मला घाम फुटला.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "मी सैन्यात नाही. काहीतरी घोटाळा झालाय."

"मालूम हाय," ते समोर बघतच म्हणाले.

"कधीपासून?"

"तुमच्या मामानं सांगितलं तवापासून. या वयात कोणी कर्नल होत नाही."

"मग तुमी बोलले काऊन नाही?"

हवालदारांनी मैदानाकडे नजर टाकली. तिथे पांढऱ्या शर्टातली पोरं-पोरी ओळीनं उभी होती. काहींच्या पायात बूट, काहींच्या पायात चपला, पण ओळ दोरी धरून आखल्यासारखी सरळ.

"दिवाळीपासून कवायत करून राह्यले मॅडम. सलामी घ्याले कोणी भेटेना. मोठमोठ्या लोकायले बलावलं, सगळ्यायचे कार्यक्रम ठरलेले. मंग तुमचा मामा म्हणे माही भाची कर्नल हाय. म्या म्हटलं, हाय त हाय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "हात वर करू नका. वर्दी नाही त हाताचा सलाम नाही. ताठ उभ्या राहा, नजर समोर, हलू नका. बाकी मी पाहतो."

एवढं बोलून ते पोरांसमोर जाऊन उभे राहिले. मला मंचावर नेलं. बरोबर आठच्या ठोक्याला हेडमास्तरांनी माईकवरून कार्यक्रम सुरू झाल्याचं जाहीर केलं. हवालदारांनी ‘सावधान’ दिली. शंभरेक टाचा एकदम वाजल्या आणि सगळं शांत झालं.

मग काहीच झालं नाही.

झेंड्याचा खांब रिकामा होता. झेंडा होता शाळेच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप होतं आणि किल्ली होती शाळेत जेवण रांधणाऱ्या बाईंकडे, कारण तांदूळही त्याच खोलीत. बाई पाहुण्यांच्या चहासाठी दूध आणायला फाटकाबाहेर गेल्या होत्या. दूध घेऊन परत आल्या, तर फाटकावरच्या दोन मोठ्या पोरांनी त्यांना अडवलं. कार्यक्रम सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा त्यांना हुकूम होता. हुकूम हवालदारसाहेबांचा, तेव्हा मोडायचा तर त्यांनीच मोडायचा.

हेडमास्तर लगबगीनं हवालदारांजवळ गेले. मी मंचावर ताठ उभी होते, पण ऐकू येत होतं.

"साहेब, त्या पोरांना सांगा, बाईला आत सोडा."

"सावधानमध्ये बोलता येत नाही," हवालदार ओठ न हलवता बोलले.

"मग विश्राम द्या."

"विश्राम झेंडा झाल्यावर."

"झेंडा आत आहे!"

"मंग आणा."

"किल्ली बाहेर आहे!"

यावर हवालदार काही बोलले नाहीत, कारण ते सावधानमध्ये होते. फाटकाबाहेर बाई दुधाची बरणी डोक्यावर धरून ओरडत होत्या, "पोट्ट्यांनो, झेंडा माह्या कमरेले हाय रे!" म्हणजे किल्ली. पोरांनी नजर समोर ठेवली होती.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबलेला, प्रत्येकाचं वागणं नियमाला धरून, आणि सगळं जागच्या जागी गोठलेलं. यावर मी कितीतरी वर्षं घालवली आहेत. कर्नलमध्ये असं होऊ नये म्हणून लिहिलेल्या काही ओळी माझ्या आहेत. आणि इथे तो माझ्या डोळ्यांसमोर, इस्त्रीच्या कपड्यांत, उभा होता. मला हलायची मनाई होती.

पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. एक पोरगी ओळीतच चक्कर येऊन खाली बसली. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून माझी मामी उठली. कोणाला काही न विचारता तिनं शाळेच्या भिंतीजवळची एक वीट उचलली, ऑफिसच्या दाराशी गेली आणि तीन घावांत कुलूप तोडलं. झेंडा आणून तिनं हेडमास्तरांच्या हातात दिला, वीट जागेवर ठेवली आणि जाऊन बसली.

त्यानंतर सगळं नीट झालं. मी दोरी ओढली, झेंडा उघडला, त्यातली फुलं माझ्या डोक्यावर पडली. मग पोरं समोरून गेली. दाहिने देख म्हटल्यावर सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मला काय होईल याची कल्पना नव्हती. मी सांगितल्याप्रमाणे ताठ उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं तर हात हलवावा लागला असता, म्हणून तसंच वाहू दिलं. नंतर मामा सगळ्यांना सांगत होता, मिलिटरीवाले असेच राह्यते, आतून नरम.

भाषणाची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की आता खरं सांगायचं, मोकळं व्हायचं. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "मी सैन्यात नाही. मी कर्नल नाही. मी कर्नल लिहिते."

प्रचंड टाळ्या पडल्या.

मी पुन्हा समजावलं. उपग्रह, त्यातला कॉम्प्युटर, त्यातला प्रोग्रॅम. सगळं सगळ्यांसाठी खुलं आहे हे दोनदा सांगितलं. लोक मान हलवत होते. शेवटी मी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या.

"बाई, तुह्या यंत्रातून माही म्हैस दिसन का? परवापासून सापडून नाही राह्यली."

"मावशी, आमचा उपग्रह फोटो काढत नाही. आणि तो अजून वर गेलाच नाही. गेल्यावरही तो फक्त वरच्या हवेतली मोजमापं घेणार."

"हवेतली?"

"हो."

"मंग कायच्या कामाचा?"

हेडमास्तर माईककडे धावले आणि म्हणाले, "मॅडमना काही गोष्टी सांगता येत नाहीत."

दुपारी मामीनं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. जेवताना मी मामाला म्हटलं, "मामा, मी माईकवर सांगितलं, तरी लोक ऐकत नाहीत."

"ऐकलं नं. सगळ्यायनं ऐकलं."

"मग?"

"मंग काय? तू नाही म्हणाली. मोठे लोक असंच म्हणतेत."

मामी माझ्या ताटात ठेचा घालत म्हणाली, "राहू दे वं. हा लग्नात मले शिक्षक हाय म्हणून दाखवला होता. चौथी पास हाय. म्या काही केलं काय?"

मामा एकदम भाकरीत गुंतला. तेवढ्यात बाहेर आरडाओरड झाली. म्हैस सापडली होती. नाल्यापलीकडच्या ज्वारीत बसली होती, मजेत. मामानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोलायचा नाद सोडला.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या प्रकल्पात एक विचित्र गोष्ट घडली. कोणा अनोळखी माणसानं पुस्तिकेतल्या चुकांच्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. कुठे स्पेलिंग चुकलेलं, कुठे ‘द’ राहिलेला, कुठे क्रियापद अनेकवचनी हवं होतं. प्रत्येक दुरुस्तीची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने आणि शेवट ‘आपला आज्ञाधारक’ने. एका थंड देशात राहणारा आमचा एक सहकारी या दुरुस्त्या तपासतो. त्यानं मला विचारलं की हा माणूस तुझ्या भागातला दिसतो, ओळखतेस का? मी नाव बघितलं आणि कपाळाला हात लावला. हेडमास्तर.

साध्या चुका आम्ही लगेच मान्य केल्या. पण कर्नलमध्येही एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी कुलपं असतात, आणि त्या कुलपांची वाट बघणाऱ्या कामांबद्दलच्या एका वाक्यात हेडमास्तरांना ‘विच’च्या आधी स्वल्पविराम हवा होता. आमच्या सहकाऱ्याला तो नको होता. त्याची मातृभाषा इंग्रजी. हेडमास्तरांनी त्याला अत्यंत नम्रपणे, परिच्छेदामागून परिच्छेद लिहून, स्वल्पविराम समजावला. तो उत्तर देई, हे पुन्हा लिहीत. मधे तिसऱ्या देशातल्या एकानं तोंड घातलं, त्यालाही ‘रिस्पेक्टेड सर’ मिळालं. उपग्रहाचं प्रक्षेपण तोंडावर आलं होतं, कर्नलमधल्या खऱ्या चुका माझ्यासमोर पडून होत्या आणि माझी निम्मी टीम स्वल्पविरामावर भांडत होती. शेवटी आमच्या सहकाऱ्यानं थकून तो मान्य केला. मला खाजगीत लिहिलं, ‘तुझ्याकडची शाळा फार कडक दिसते.’

उपग्रह वर गेला. परदेशातल्या एका कॉलेजच्या मुलांनी तो बनवला होता, आमचा कर्नल त्याच्यात होता. पहिला निरोप जमिनीवर यायला उशीर झाला आणि तोवर मी ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांमध्ये फेऱ्या मारत होते. बाबा दुकानातून विचारत होते, "आला का?" आणि गिऱ्हाईकाला वाटत होतं की मालाबद्दल विचारतायत. मग निरोप आला. उपग्रह शुद्धीवर होता, बॅटरी भरत होती, तोंड सूर्याकडे होतं. मी बाहेर जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी मोजत असलेला दोरखंड तसाच हातात धरून ठेवला आणि मान डोलवत राहिले.

हेडमास्तरांना मी फोन करून बातमी सांगितली.

"मॅडम, माझा स्वल्पविराम वर गेला का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "पुस्तिका वर जात नाही, सर. फक्त प्रोग्रॅम जातो."

"पण प्रोग्रॅम लिहिणारे पुस्तिका वाचूनच लिहितात ना?"

"हो, वाचतात."

"मग गेला," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत गावानं त्यांचा सत्कार केला. बॅनरवर त्यांचा फोटो होता आणि खाली ‘अंतराळ शास्त्रज्ञ’. मी गेले तेव्हा कोणी जीप पाठवली नाही, मी बसनं गेले आणि मामीच्या शेजारी सतरंजीवर बसले. हेडमास्तर स्वल्पविरामावर बोलले. कुठे द्यावा, कुठे देऊ नये, न दिल्यास काय अनर्थ होतो. ऊन चढलं, पोरं एकमेकांच्या खांद्यावर कलंडली, आणि हवालदारसाहेब शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत होते. मामीनं पदरानं वारा घेत मला विचारलं, "हे खरंच शास्त्रज्ञ हायत का वं?"

मी जरा विचार केला. त्यांचं नाव आमच्या यादीत आहे, माझ्या नावापासून फार लांब नाही.

"हायत," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवायला लागले.